पेटीतला हिरवा ठिपका

जोरी ट्रेम्बाथला अंधाराची भीती वाटते हे मला कळलं, तेव्हा आम्ही दोघे बारा हजार फुटांवर होतो आणि विमान तो चालवत होता.

"विल्फ, काहीतरी बोलत राहा बाबा," कानावरच्या फोनमधून त्याचा आवाज आला.

"काय बोलू? पडद्यावर काहीच नाहीये."

"काहीही बोल. तुमच्याकडे रविवारी काय शिजतं ते सांग."

मग मी आमच्या ब्रॅडफर्डच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. आईचं खारं पुडिंग, त्यावरचा दाट रस्सा, शेवटच्या तुकड्यासाठी भावाशी झालेली मारामारी. अर्धा तास मी बोलत होतो आणि तो ऐकत होता. खाली ढगांची गोधडी, वर काळं आभाळ. दुसऱ्या दिवशी त्याने मला एका बाजूला ओढून दम दिला, "हे मेसमध्ये कोणाला कळलं तर तुला समुद्रात बुडवीन." आज सांगतोय, कारण त्यानंतर चाळीस वर्षांनी त्याने स्वतःच गुत्त्यात भर गर्दीत हे सांगून टाकलं आणि सगळ्यांना बिअर पाजली.

ही गोष्ट १९४० सालच्या ऑक्टोबरची. मी बावीस वर्षांचा होतो. लढाईआधी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. विमानातला तोफची व्हायचं म्हणून भरती झालो, पण नजर थोडी अधू निघाली. रेडिओतलं कळतं म्हटल्यावर त्यांनी मला सॉमरसेटमधल्या हॅलकूमच्या तळावर पाठवलं. तिथे काळ्या रंगाची विमानं होती, आणि ज्यांच्याबद्दल घरी अवाक्षर काढायचं नाही अशा पेट्या होत्या. 'रडार' हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही आला नव्हता. आम्ही नुसतं 'पेटी' म्हणायचो.

जोरी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या घरातला. आम्ही दोघेही सार्जंट, म्हणून आमच्यात साहेबी नव्हती. तो पुढे बसून विमान चालवायचा. मी मागे, रबरी मुखवट्यात तोंड खुपसून. आत काचेचे दोन गोल पडदे, त्यांवर हिरव्या रेघा. विमानाच्या नाकातून लाटा निघायच्या, समोरच्या विमानावर आपटून परत यायच्या, आणि रेघेवर एक ठिपका उमटायचा. एका पडद्यावरून कळायचं की सावज डावीकडे आहे की उजवीकडे, दुसऱ्यावरून वर आहे की खाली. दोन्हींवर अंतर. गोष्ट एवढीच. पण जमिनीवरूनही लाटा परत यायच्या आणि पडद्याचा मोठा भाग हिरव्या झाडोऱ्याने भरून जायचा. त्या झाडोऱ्याच्या अलीकडे जे दिसेल ते आपलं.

दिसत मात्र काहीच नव्हतं. आमचं जुनं ब्लेनहाइम विमान इतकं हळू चालायचं की जर्मन विमानं बॉम्ब टाकून घरी पोचायची तरी आम्ही मागेच. पेटीत पाणी शिरायचं, तारा जळायच्या, एकदा तर मी पेटीवर कोकोचा मग सांडला आणि ती त्या दिवशी नेहमीपेक्षा बरी चालली. सदतीस उड्डाणं झाली आणि हाती भोपळा. तिकडे ब्रिस्टल जळत होतं. आभाळाच्या कडेला तो लाल उजेड आम्हाला परतताना दिसायचा. मेसमध्ये दिवसा लढणारी पोरं आमची हुर्यो उडवायची.

"काय सग्डन," एखादा माझ्या आडनावाने हाक मारायचा, "आज पेटीत काय दिसलं?"

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!" दुसरा उत्तर द्यायचा.

जोरी हे निमूट ऐकायचा आणि राग माझ्यावर काढायचा. त्याचा पेटीवर काडीचा विश्वास नव्हता. "माझा आजा धुक्यात होडी हाकायचा, वासावरून. त्याला कसल्या काचा लागल्या नाहीत," म्हणायचा. मी 'उजवीकडे' म्हणालो तरी त्याला डावीकडे काही चमकल्यासारखं वाटलं की तो तिकडे वळायचा. डिसेंबरात एकदा तर माझा ठिपका स्पष्ट उमटला होता. जोरी ओरडला, "दिसला! मला त्याचा दिवा दिसला!" आणि त्याने विमान दुसरीकडेच फिरवलं. दहा मिनिटं आम्ही त्या दिव्याच्या मागे होतो. दिवा जवळ येईना, लांब जाईना. शेवटी तो एका ढगाच्या कडेवरून वर सरकला तेव्हा कळलं की तो तारा होता.

खाली उतरल्यावर मी धावपट्टीवरच त्याला धरलं. "तू माझं ऐकणार नसशील तर मला मागे कशाला बसवतोस? बटाट्यांचं पोतं ठेव. तेवढंच वजन होईल."

"पोतं निदान कटकट करत नाही."

"आणि तुला पुडिंगच्या गोष्टीही सांगत नाही!"

तो पाठ फिरवून चालू लागला. मलाही वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

जानेवारीत नवी विमानं आली, ब्यूफायटर. बुटकं नाक, दोन अजस्र इंजिनं, पोटात चार तोफा. त्या तोफांच्या गोळ्यांचे ढोल मला अंधारात चाचपडत बदलावे लागायचे, एकेक ढोल मोठ्या मेंढ्याएवढा जड. पण वेग! पहिल्यांदाच वाटलं, आता आपण कोणाला तरी गाठू शकतो. पेट्याही सुधारल्या होत्या. प्रयोगशाळेतून प्रिडमोर नावाचे एक किडकिडीत गृहस्थ आले होते. ते हँगरमध्येच झोपायचे, विमानाच्या पंखाखाली, कोट अंथरून. पेटीत पाणी कुठून शिरतं ते त्यांनी एका पावसाळी दुपारी पंखावर पालथं पडून शोधून काढलं आणि त्या भोकाला चक्क मेण लावलं.

कल्पना त्यांचीच. माझं आणि जोरीचं धुसफुसणं त्यांच्या कानावर गेलं असावं. एके सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. ते पिंगट कागद आणि खळीचं भांडं घेऊन आले.

"सार्जंट ट्रेम्बाथ, तुमच्या पुढच्या काचेला हा कागद चिकटवतो. तुम्ही फक्त समोरची घड्याळं बघायची. बाकी सार्जंट सग्डन सांगतील तसं."

"आणि समोर डोंगर आला तर?"

"समोर तुमच्याच तुकडीचं विमान असेल. सग्डन चुकले तर तुम्ही त्याच्या शेपटीत घुसाल."

जोरीने माझ्याकडे पाहिलं. "चुकशील का रे?"

"चुकलो तर दोघेही जाऊ," मी म्हणालो. "त्यात काय एवढं?"

वर गेलो. मी मुखवट्यात तोंड घातलं. ठिपका होता, हिरवा, थरथरणारा, जिवंत. "उजवीकडे वळ. सावकाश. बास. सहा हजार फूट. तो थोडा वर आहे. चार हजार. डावीकडे, अगदी किंचित. वेग कमी कर, कमी कर. दोन हजार." त्याचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता. तो एकदाही वळायला चुकला नाही. "हजार. आठशे. तसाच राहा. सहाशे. आता फाड कागद."

कागद फाटल्याचा आवाज आला. मग जोरीने त्याच्या कॉर्नवॉलच्या बोलीत मासेमार जाळं तुटल्यावर देतात तसली एक लांबलचक शिवी हासडली. समोर त्या विमानाची शेपटी सबंध काच भरून होती.

उतरल्यावर तो माझ्याजवळ आला, सिगारेट पुढे केली आणि म्हणाला, "आजा असता तर त्यालाही तुझ्या मागे बसवला असता." माफी मागायची त्याची तीच रीत.

त्याच सुमारास जमिनीवरूनही वाट दाखवायची सोय झाली. दहा मैलांवर एका शेतात लाटा सोडणारी फिरती जाळी आणि खोपट्यातला एक मोठा पडदा. तिथून टॅपस्कॉट नावाचे अधिकारी आम्हाला शत्रूच्या मागे तीन मैलांपर्यंत आणून सोडायचे. पुढचं काम आमच्या पेटीचं. टॅपस्कॉटांचा आवाज इतका मऊ आणि संथ होता की ऐकताना वाटायचं, कोणी पाद्री आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतोय.

मे महिन्यात एका चंद्र नसलेल्या रात्री त्याच आवाजाने सांगितलं, "पोरांनो, समोर तीन मैल, तुमच्या जरा वर. आता तो तुमचा."

ठिपका उमटला. मी बोलू लागलो आणि जोरी वळू लागला. दोघांत मिळून एकच माणूस असल्यासारखं झालं होतं. चार हजार. अडीच हजार. आम्ही खालून, मागून जात होतो, म्हणजे आमच्या मागे काळी जमीन आणि त्याच्या मागे तारे. आठशे फुटांवर जोरी हळूच म्हणाला, "दिसतोय. इंजिनांचे निखारे दिसतायत. बघू दे कोण आहे ते." आणखी जवळ गेलो. "हाइन्केल आहे. विल्फ, जर्मनांचं हाइन्केलच आहे."

विमान हादरलं. तोफांच्या दारूचा वास माझ्या नाकात भरला. तीन सेकंद असतील. मी मुखवट्यातून तोंड काढलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वरच्या काचेतून बाहेर पाहिलं. माझा ठिपका जळत होता. त्याला पंख होते, शेपटी होती, आणि त्यातून माणसं बाहेर पडत होती.

"किती उतरले?" जोरीने विचारलं.

"दोन छत्र्या दिसल्या."

"आत किती असतात?"

"पाच," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत मी पुन्हा मुखवट्यात तोंड घातलं नाही. तळावर मात्र दिवाळी होती. आमच्या तुकडीचं पहिलं सावज! स्वयंपाक्याने प्रत्येकी दोन-दोन अंडी तळून दिली, त्या काळात दोन अंडी म्हणजे राजेशाही. हुर्यो उडवणाऱ्या पोरांनी जोरीला खांद्यावर घेतलं. प्रिडमोर एका कोपऱ्यात उभे राहून रडत होते आणि चष्मा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सायकली काढून टॅपस्कॉटांना भेटायला गेलो. उंच, पांढऱ्या केसांचा, धीरगंभीर माणूस असेल अशी आमची खात्री. खोपट्यातून ढेरी सावरत एक लालबुंद, बुटका गृहस्थ बाहेर आला. लढाईआधी ते गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे!

"तीस वर्षं बैलांच्या किमती ओरडून घसा बसला," ते हसत म्हणाले. "सरकारने हळू बोलायचं काम दिलं, सुटलो बुवा." मग हसू आवरून म्हणाले, "त्या विमानातला एक इथे गावच्या दवाखान्यात आहे. पाय मोडलाय, हात भाजलेत. दुसरा सकाळी गेला."

मला जायचं नव्हतं. जोरी म्हणाला, "मी जाणार. तू चल. मला एकट्याला नको."

दारावर एक पोलीस बसला होता. जोरीने त्याला सिगारेटचं पाकीट दिलं आणि आम्ही आत गेलो. पलंगावर एक पोरगं होतं. वीस वर्षांचं, भुवया जळलेल्या, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. गेर्विन आलर्स त्याचं नाव. शाळेत शिकलेलं इंग्रजी तो जपून, एकेक शब्द मांडत बोलायचा.

"तुम्हीच का ते?" त्याने विचारलं.

"हो," जोरी म्हणाला. त्याने एक सिगारेट पेटवून त्या पोराच्या ओठांत ठेवली आणि राख झाडायला तिथेच खुर्ची ओढून बसला.

"तुम्हाला आम्ही दिसलो कसे? चंद्र नव्हता."

आम्हाला पढवलेलं एकच उत्तर होतं. साऱ्या देशाला वर्तमानपत्रांतून तेच सांगितलं जात होतं. गावातल्या बायका त्यामुळे आमच्या तळावर गाजरांच्या टोपल्या आणून द्यायच्या. जोरी म्हणाला, "आम्ही गाजरं खातो. नजर तेज होते."

गेर्विन हसला नाही. तो छताकडे बघत म्हणाला, "मी पोटाखालच्या जागेत पालथा पडून होतो. मागे आणि खाली बघत. माझं कामच ते. आमच्या विमानातला कार्ल म्हणाला होता, गेर्विन, झोपू नको हं. मी झोपलो नव्हतो. मला वाटतं मी झोपलो नव्हतो. पण मला तुम्ही दिसला नाहीत. गाजरं खाणाऱ्याला मी दिसतो, मग मला तो का दिसत नाही? म्हणजे मी झोपलोच असणार."

"तुझी चूक नव्हती," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

त्याने माझ्याकडे मान वळवली. "मग कोणाची?"

माझ्या जिभेच्या टोकावर होतं सगळं. तुला दिसणं शक्यच नव्हतं रे. माझ्याकडे एक पेटी आहे, तिला अंधार कळतच नाही. तुझे डोळे गरुडाचे असते तरी काळ्या जमिनीवर काळं विमान तुला दिसलं नसतं. पण हे त्याला सांगितलं असतं तर त्याच्या पत्रातून, त्याच्या तोंडून ते पलीकडे गेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात ब्रिस्टलमध्ये आणखी माणसं जळाली असती. पेटीबद्दल कोणाला सांगणार नाही म्हणून मी सही केलेला कागद होता. मी त्याच्या पलंगावरची चादर सारखी केली.

"मी झोपलोच असणार," तो पुन्हा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, आणि पट्ट्यांतल्या हातांनी त्याला ते पुसताही येईनात. जोरीने आपला रुमाल काढून त्याचं तोंड पुसलं.

परतताना एका चढावर जोरी सायकलवरून उतरला. "कागदावर सही केलेली नसती तर सांगितलं असतंस?"

"माहीत नाही."

"मीही," तो म्हणाला, आणि आम्ही सायकली हातात धरून चढ चालत चढलो.

लढाई पुढे चालू राहिली. आम्ही आणखी चार विमानं पाडली. प्रत्येक वेळी मी मुखवट्यातून तोंड काढायचो आणि छत्र्या मोजायचो. बेचाळीसच्या शेवटी मला नव्या पोरांना शिकवायला उत्तरेकडे पाठवलं आणि जोरी माल्टाला गेला. नव्या पेट्या आल्या, त्यांतला झाडोरा नाहीसा झाला. नवी विमानं लाकडी होती, चपळ, आणि त्यांत दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. माझी शिकाऊ पोरं दोन-चार उड्डाणांत तरबेज व्हायची. मी त्यांना आमच्या ब्लेनहाइमच्या गोष्टी सांगायचो तेव्हा ती जांभया द्यायची. मला मात्र तो मागचा अंधारा कोनाडाच आठवायचा, रबराचा वास, आणि कानात जोरीचा श्वास.

पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत सगळं छापून आलं. पेट्या, त्यांच्या लाटा आणि तो नवा शब्द. मी पेपर आईपुढे ठेवला. "हे बघ, मी पाच वर्षं हे करत होतो."

तिने चष्मा लावून सबंध वाचलं. "म्हणजे तू तिथे काळोखात तोंड घालून बसायचास? आणि मी शेजारणीला सांगत होते, आमचा विल्फ आभाळात देखावे बघतो."

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर सरळ लिहिलं: 'गेर्विन, आता सांगायला हरकत नाही. तू झोपला नव्हतास. झोपला असतास की जागा असतास, काही फरक पडला नसता. आमच्याकडे एक यंत्र होतं.' मग ते यंत्र कसं चालतं ते चित्र काढून समजावलं, तो ठिपका कुठे उमटला, मी जोरीला काय काय सांगितलं, सगळं. युद्धकैदी कॅनडात होते असं कळलं होतं. रेड क्रॉसकडे पत्र दिलं आणि मग बराच काळ काहीच आलं नाही.

उत्तर आलं सत्तेचाळीसच्या एप्रिलमध्ये, जर्मनीतून, पातळ करड्या कागदावर. मी रजा काढली आणि ते घेऊन गाडीने कॉर्नवॉलला गेलो. जोरी धक्क्यावर जाळी वाळत घालत होता. घरी परतून तो पुन्हा वडिलांच्या होडीवर जाऊ लागला होता. लग्न ठरलं होतं, अंगाने सुटला होता.

"मेल्या, कळवायचं तरी! आई मासे तळून ठेवती," तो म्हणाला.

"हे वाच आधी."

त्याने ओले हात विजारीला पुसले आणि कागद घेतला. पत्र लहानच होतं.

'तुमचं पत्र कॅम्पमध्ये पोचायला सात महिने लागले. मी ते पुष्कळदा वाचलं. घरी आल्यावर ते घेऊन कार्लच्या आईकडे गेलो. इतके दिवस मी त्या गल्लीतून जायचं टाळत होतो. मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, चित्रही दाखवलं. यंत्राचं त्यांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, तू इतके दिवस आला का नाहीस? कार्लची खोली रिकामी आहे, तू राहा. आमचं घर पडलं आहे, म्हणून मी सध्या तिथेच राहतो. तुम्हाला माफ केलं का, हे मला सांगता येत नाही. पण रात्री मला झोप लागते. तुमच्या मित्राला सांगा, इथे गाजरं खूप मिळतात, दुसरं काहीच मिळत नाही. — गेर्विन आलर्स.'

जोरीने ते दोनदा वाचलं. घडी घालून माझ्या खिशात ठेवलं आणि वर खिशाचं बटणही लावलं. मग तो माझ्याकडे पाठ करून जाळ्याची एक गाठ सोडवू लागला, जी मुळात अडकलेलीच नव्हती. समुद्रपक्षी ओरडत होते.

"किती दिवस आहेस?" तसाच पाठमोरा राहून त्याने विचारलं.

"रविवारपर्यंत."

"मग उद्या होडीवर चल. पहाटे तीनला निघायचं. अंधार असतो फार."

"बरं," मी म्हणालो आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं.